एका शिफारसपत्राची चिकित्सक आवृत्ती

ज्या ज्ञानाचा कोणाला काडीचाही उपयोग नाही, त्या ज्ञानाच्या दाराला सर्वांत भक्कम कुलूप असावं लागतं, हे कोणीही सुज्ञ माणूस मान्य करील. उपयोगाच्या ज्ञानाचं तसं नसतं. नळदुरुस्ती शिकायची असेल तर नळवाल्यामागे पाना धरून चार महिने हिंडावं. नळ गळायचा थांबला की विद्या आली. पण दोन हजार वर्षांपूर्वी मेलेला माणूस काय म्हणाला हे आपल्याला कळलं की नाही, ते तपासायला तो माणूस काही येत नाही. म्हणून तिथे समिती लागते, आणि समिती आली की कुलूप, किल्ली, किल्लीची नोंदवही हे सगळं ओघाने येतंच.

इतिहास व प्राचीन भाषा विभाग हा अशा कुलपांचा एक दर्जेदार नमुना होता. विभाग तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट दुसऱ्यापर्यंत जात असे (तिसरा मजला नंतर चढवला, असं एक मत आहे, दुसरा मजला मुळात नव्हताच, असं विभागप्रमुखांचं). पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या जागा सात. गेल्या बारा वर्षांत अर्ज आले चारशे एकोणीस, प्रवेश मिळाले तेवीस, पदवी घेऊन बाहेर पडले चार, आणि त्यांतले दोघे आपण दार चुकून बाहेर पडलो असं सांगतात. उरलेले अजून आतच आहेत.

प्रवेशाचा फॉर्म चौसष्ट रकान्यांचा होता. त्याची काळजीपूर्वक रचना पाहून कोणालाही धन्य वाटावं. नमुन्यादाखल नववा रकाना: ‘अर्जदाराचा जन्म झाल्याचा पुरावा. (आईची साक्ष ग्राह्य धरली जाणार नाही, ती घटनेत गुंतलेली आहे.)’ सव्विसावा रकाना: ‘अर्जदाराला अवगत असलेल्या मृत भाषा, त्या मृत झाल्याच्या दिनांकासह.’ सत्तेचाळिसावा रकाना कोरा सोडायचा होता. तो कोरा सोडल्याचं अठ्ठेचाळिसाव्यात लिहून द्यावं लागे.

हा फॉर्म धाकटीने एकूण तीनदा भरला.

धाकटी म्हणजे घरातल्या दोन मुलींतली दुसरी. ताई इस्पितळात परिचारिका होती आणि धाकटी औषधाच्या कारखान्यात. गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद असतो ना, तो छापण्याआधी तपासायचं तिचं काम. चक्कर, मळमळ, क्वचित पुरळ. सात वर्षं ती हेच वाचत होती. तो कागद जगात कोणीही वाचत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी त्यात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर तिला जेवण गोड लागत नसे. अशा स्वभावाच्या माणसाने इतिहासाच्या वाटेला जाऊ नये, असं ताईचं मत होतं, कारण तिथे सगळेच स्वल्पविराम इकडचे तिकडे झालेले असतात.

धाकटीला प्रवेश हवा होता तो एका खापरासाठी. अकरा वर्षांची असताना शाळेने त्यांना संग्रहालयात नेलं होतं. बाकीच्या मुली तलवारींपाशी उभ्या होत्या. ही एका हाताएवढ्या मातीच्या तुकड्यापाशी खिळून राहिली. तो एका बाईने भावाला लिहिलेल्या पत्राचा अर्धा भाग होता, आणि शेजारच्या कार्डावर त्याचं भाषांतर होतं: ‘तू पाठवलास तो दोरा कुजका निघाला. मी तीनदा लिहिलं. तू उत्तर देत नाहीस. तुझ्या बायकोने दिलेलं भांडंही फुटकं आहे. तर आता नीट ऐक, मी असं ठरवलं आहे की’

इथे खापर फुटलं होतं.

दुसरा अर्धा भाग सापडला होता. तो विभागाच्या कपाट क्रमांक चारमध्ये, कापसात गुंडाळून, साठ वर्षं सुखरूप होता. तो कोणी वाचला नव्हता, कारण दोन तुकडे एकाच पत्राचे आहेत का, हा प्रश्न तीन सदस्यांच्या उपसमितीकडे होता आणि त्यांपैकी दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. कपाट फक्त प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी उघडत असे. त्या बाईने काय ठरवलं, हे धाकटीला अठरा वर्षं कळलं नव्हतं. कपडे वाळत घालताना, बसची वाट पाहताना तिच्या मनात ते वाक्य तसंच अर्धवट लोंबकळत राही, आणि तिला अगदी खरोखर, पोटातून, पुढचं वाक्य हवं होतं.

ती भाषा (भाषेचं नाव विभागात वादग्रस्त असल्याने इथे दिलेलं नाही) तिला मास्तरांनी शिकवली. मास्तर एका शाळेत चाळीस वर्षं ती भाषा शिकवत होते. पुढे शाळेने तो विषय बंद करून त्या खोलीत सायकली ठेवायला सुरुवात केली. धाकटी नऊ वर्षं दर रविवारी मास्तरांच्या घरी जात होती. मास्तरांकडे त्या भाषेचा एक जाडजूड शब्दकोश होता. त्याच्या समासात त्यांनी इतकं लिहून ठेवलं होतं की, मूळ मजकूर शोधावा लागे.

आई म्हणे, ‘‘मेलेल्यांची भाषा शिकून तू बोलणार कुणाशी?’’

‘‘बोलायचं नाहीये आई. ऐकायचंय.’’

‘‘जिवंत माणसं काय कमी ओरडतात घरात?’’ असं म्हणून आई आत जाई. पण रविवारी धाकटीचा डबा न विसरता दोन माणसांचा भरलेला असे.

पहिल्या वर्षी अर्ज परत आला. सतराव्या रकान्यात ‘उद्देश’ विचारला होता. तिथे धाकटीने लिहिलं होतं, ‘कपाट चारमधला तुकडा वाचायचा आहे.’ समितीने तांबड्या शाईत शेरा मारला होता: ‘उद्देश अतिशय स्पष्ट. गांभीर्याचा अभाव. पुनर्विचार करावा.’ अर्ज घ्यायच्या खिडकीतल्या बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘अगं, असं थोडंच लिहितात? जे वाचून त्यांना आपण अडाणी आहोत असं वाटेल, ते लिहायचं.’’ दुसऱ्या वर्षी तिने त्याच रकान्यात ‘परिघावरील मृण्मय संवादाच्या खंडित अवकाशाची पुनर्मांडणी’ असं लिहिलं. याचा अर्थ तिला माहीत नव्हता. समितीलाही नव्हता; त्यामुळे अर्ज एकमताने पुढे गेला.

आता उरलं शिफारसपत्र. ते तीन प्रतींत लागत असे.

ही साधी गोष्ट होती आणि दुसऱ्या कुठल्याही कचेरीत ती साधीच राहिली असती. पण मास्तरांनी छायाप्रत काढायला साफ नकार दिला. ‘‘ज्याला शिष्याचं कौतुक तीनदा हाताने लिहायचा कंटाळा येतो, त्याचं कौतुक खोटं समज,’’ असं म्हणून त्यांनी पत्र त्या प्राचीन भाषेतच लिहायला घेतलं. अकरा ओळींचं पत्र. पहिली प्रत सोमवारी सकाळी झाली: ‘तीस वर्षांत मला अशी विद्यार्थिनी मिळाली नाही.’ मंगळवारी त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि दुसऱ्या प्रतीत ‘चाळीस’ लिहिलं. पहिल्या प्रतीतली सहावी ओळ होती, ‘हिने शब्दकोश पाठ केला.’ दुसरी लिहिताना त्यांना वाटलं, पाठ केला म्हटलं तर लोक घोकंपट्टी समजतील. म्हणून ‘हिने शब्दकोश दोनदा वाचला’ असं केलं. तिसऱ्या प्रतीत त्याच ओळीवर, नेमका क्रियापदावर, चहा सांडला. चांगला कागद संपला होता. मास्तरांनी ती प्रत पंख्याखाली वाळवली आणि तशीच दिली.

एकाच मजकुराच्या तीन प्रती, तिन्ही हस्तलिखित, तिन्हींत पाठभेद आणि एक खंडित! विभागात अशी चीज एकवीस वर्षांत आली नव्हती. खिडकीतल्या बाई सांगतात की, ज्या दोन सदस्यांचं बोलणं बंद होतं, ते त्या दिवशी एकमेकांना जिन्यात मिठी मारताना दिसले. समितीने अर्जाचे उरलेले रकाने बाजूला ठेवले आणि पाठचिकित्सेला हात घातला.

समितीचा पहिला निष्कर्ष असा: तीन प्रती एकमेकींशी जुळत नाहीत, अर्थात त्या तिन्ही एका हरवलेल्या मूळ पत्राच्या नकला आहेत. दुसरा निष्कर्ष: नकला तीन, म्हणून नकलाकार तीन. (मास्तरांना मोतीबिंदू होता आणि दुसरी प्रत त्यांनी दिवेलागणीनंतर लिहिली, त्यामुळे अक्षरात फरक होता.) तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा. शास्त्राचा नियमच आहे की, जो मजकूर नकलाकाराला सोपा आणि सोयीचा वाटतो तो संशयास्पद असतो. शिफारसपत्रात स्तुती करणं सर्वांत सोपं. तेव्हा ‘पाठ केला’ आणि ‘दोनदा वाचला’ ही मागाहून केलेली सारवासारव होय. मूळ क्रियापद काहीतरी लाजिरवाणं असलं पाहिजे, आणि तिघांत प्रामाणिक नकलाकार एकच, ज्याने लाजेखातर त्यावर चहा ओतला.

मतदान झालं. ‘हिने शब्दकोश चोरला’ या पाठाला चार मतं पडली, ‘विकला’ला एक, ‘खाल्ला’ला एक. (शेवटचं मत ज्येष्ठ सदस्यांचं; बैठक जेवणाच्या सुट्टीपर्यंत लांबली होती.) तीस की चाळीस, या प्रश्नावर दोन्ही बाजूंचा मान राखून पस्तीस ठरलं.

धाकटीला पत्र आलं: ‘आपल्या शिफारसपत्राचं मूळ हस्तलिखित एका महिन्यात सादर करावं.’

ती मास्तरांकडे गेली. मास्तरांनी पत्र भिंगातून दोनदा वाचलं, काठी उचलली आणि म्हणाले, ‘‘चल. माझ्या हातचं पत्र आहे. दोन मिनिटांचं काम.’’

लिफ्टनंतरच्या बावीस पायऱ्या चढायला मास्तरांना पंचवीस मिनिटं लागली. विभागप्रमुखांनी त्यांना आदराने खुर्ची दिली, पाणी दिलं.

‘‘साहेब, तिन्ही प्रती मीच लिहिल्यात,’’ मास्तर म्हणाले. ‘‘मूळ बिळ काही नाही.’’

‘‘आपल्याविषयी मला नितांत आदर आहे,’’ विभागप्रमुख म्हणाले. ‘‘परंपरेने हे पत्र आपल्याच नावावर आहे, ते कोणी नाकारत नाही.’’

‘‘परंपरेने? अहो, मागच्या मंगळवारी लिहिलंय!’’

‘‘तेच म्हणतो. इतक्या थोड्या अवधीत तीन शाखा फुटल्या. मूळ किती समृद्ध असेल!’’

‘‘मी सांगतो ना, सहाव्या ओळीत काय होतं ते. पाठ केला, असं होतं.’’

‘‘आणि दुसऱ्या प्रतीत?’’

‘‘दोनदा वाचला.’’

विभागप्रमुखांनी मास्तरांच्या हातावर मायेने हात ठेवला. ‘‘बघा. आपल्यालाही नक्की आठवत नाही. लेखकाचा भरवसा धरला असता तर आमचं शास्त्र कधीच बुडालं असतं.’’

मास्तर हट्टाला पेटले. तिथेच टेबलावर बसून त्यांनी पत्राच्या अकराही ओळी पुन्हा लिहून दिल्या. समितीने तो कागद कृतज्ञतेने स्वीकारला आणि त्याची नोंद ‘चौथी प्रत, उशिराची, भ्रष्ट, लेखनस्थळ विभागातच असल्याने बनावट असण्याची शक्यता’ अशी केली. उतरताना मास्तर दुसऱ्या मजल्यावर धाकटीच्या खांद्यावर हात टेकून म्हणाले, ‘‘माझं चुकलं गं. छायाप्रत काढायला हवी होती.’’ तिला त्या क्षणी विभागाची आणि त्यातल्या तमाम शास्त्राची इतकी चीड आली की, डोळ्यांत पाणी आलं.

नंतर मास्तरांच्या पत्त्यावर विभागाचं एक पत्र आलं. भाषा अत्यंत सौजन्यपूर्ण होती. ‘लेखक हयात असल्याने पाठनिश्चितीच्या कामात वारंवार व्यत्यय येत आहे. सदर अडचण साधारण केव्हा दूर होईल, याविषयी अंदाज कळवल्यास नियोजनास मदत होईल.’ मास्तरांनी उत्तर दिलं, ‘प्रयत्नात आहे.’ विभागाने आभाराचं कार्ड पाठवलं.

तिसऱ्या वर्षी धाकटीने पुन्हा अर्ज केला आणि त्याच सुमारास ‘एक शिफारसपत्र: चिकित्सक आवृत्ती’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पृष्ठं दोनशे चौदा. त्यांपैकी मूळ पत्र अकरा ओळी, तळटीपा एकशे नव्वद पानं, बाकी आभार. विभागाची मान उंचावली. त्या पत्रावर संशोधन करण्यासाठी पाच विद्यार्थ्यांना प्रवेश दिला गेला. सातपैकी पाच जागा अशा रीतीने धाकटीच्याच शिफारसीवर भरल्या, हे तिला खिडकीतल्या बाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘तुझ्या पत्राने कितीजणांचं कल्याण झालं बघ,’’ आणि मग त्यांनाच कसंतरी वाटून त्यांनी तिला चहा पाजला.

पण न्याय उशिरा का होईना, होतो. पावसाळा सरताना धाकटीच्या हाती लिफाफा पडला. प्रवेश मिळाला होता! कारण खाली दिलं होतं: ‘अर्जदाराने या भाषेच्या ध्यासापोटी प्रत्यक्ष चोरी केल्याचं चिकित्सक आवृत्तीच्या पृष्ठ ९६वर सिद्ध झालं आहे. विभागाच्या इतिहासात इतकी तळमळ अन्य कोणत्याही अर्जदाराने दाखवलेली नाही.’ अटी दोन होत्या. एक, आवृत्तीतला मजकूर खरा असल्याचं सही करून द्यावं. दोन, चोरलेला शब्दकोश ग्रंथालयात परत करावा.

ग्रंथपालांनी प्रामाणिकपणे कळवलं होतं की, ग्रंथालयाचा शब्दकोश जागेवरच आहे. विभागप्रमुख त्यावर म्हणाले, ‘‘मग ती नक्कल असणार.’’

घरी लिफाफा वाचून दाखवल्यावर ताई पोट धरून हसली. आईला हसू आलं नाही. ‘‘चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ते ऐकलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘संन्याशाला चोर म्हणून बक्षीस देणारे हेच बघितले. तू सही करायची नाहीस. माझ्या मुलीने आजवर कुणाची टाचणी उचलली नाही.’’

‘‘तुझी साक्ष चालत नाही, आई. तू घटनेत गुंतलेली आहेस,’’ ताई म्हणाली, आणि तिला आईचा धपाटा मिळाला.

धाकटी रविवारी मास्तरांकडे गेली. सही करणार नाही, हे सांगायलाच गेली होती. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते उठले, चाचपडत कपाटाशी गेले आणि आपला शब्दकोश दोन्ही हातांनी उचलून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला.

‘‘हा दे जा.’’

‘‘मास्तर, वेड लागलंय का? चाळीस वर्षांच्या नोंदी आहेत यात.’’

‘‘त्या मला आता दिसत नाहीत. आणि तुला पाठ आहेत.’’

‘‘पण मी चोर नाही ना!’’

‘‘ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. त्या बाईने काय ठरवलं, ते मात्र दोघांनाही माहीत नाही.’’ त्यांनी शब्दकोशावर थाप मारली. ‘‘माझी अडचण दूर व्हायच्या आत मला ते ऐकायचंय. कर सही.’’

धाकटीला रडू आवरेना. चोर म्हणवून घ्यायचं तिला दुःख नव्हतं. मास्तरांच्या घरातली ती फळी रिकामी पाहवत नव्हती.

सोमवारी तिने खिडकीवर सही केली. सहीआधी तिने प्रतिज्ञापत्राची चारही पानं वाचली; त्यात छपाईच्या नऊ चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. शब्दकोश ग्रंथालयात जमा झाला. त्याच्यावर ‘मूळ प्रत. हाताळू नये’ असा शिक्का बसला आणि समासातल्या नोंदी ‘अज्ञात चोराच्या’ म्हणून सूचीत लागल्या. ज्याने शब्दकोश चोरला त्याने तो वाचला असेलच असं नाही, या तर्काने धाकटीला पहिली दोन वर्षं मुळाक्षरांच्या वर्गात बसवण्यात आलं.

प्रवेशाच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाला, नोंदवहीत सही करून तिने कपाट क्रमांक चार उघडलं. कापूस पिवळा पडला होता. खापर तळहाताएवढं होतं आणि त्यावर सात ओळी होत्या. तिने त्या उभ्यानेच वाचल्या. मग बसून वाचल्या. मग ती इतक्या मोठ्याने हसली की, शेजारच्या खोलीतली पाठचिकित्सेची बैठक दोन मिनिटं थांबली. संध्याकाळच्या पाळीला कारखान्यात न जाता ती थेट मास्तरांकडे गेली आणि त्या सात ओळी तिने त्यांना म्हणून दाखवल्या. मास्तरांनी त्या पुन्हा म्हणायला लावल्या. म्हातारा गुडघ्यांवर थापा मारत हसला, हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तो म्हणाला, ‘‘शाब्बास गं बाई! असंच पाहिजे होतं त्याला!’’

सदर सात ओळी इथे देता येत नाहीत. त्या प्रवेश मिळालेल्यांसाठीच आहेत. ज्या वाचकांना त्या जाणून घ्यायची इच्छा झाली असेल त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीवरून चौसष्ट रकान्यांचा फॉर्म घ्यावा, भरावा आणि ‘वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो खरा आहे’ या ओळीखाली सही करावी. ती ओळ तुम्ही आजवर जितकी वाचून सही करत आलात, तितकीच वाचली तरी चालेल.

ज्यांना इथवर येऊनही तशी इच्छा झाली नाही, त्यांनी अर्ज करू नये. समितीवर दोन जागा रिकाम्या आहेत. विभाग तुमच्याशी आपणहून संपर्क साधेल.